भौतिकोपचारांतील ‘डॉक्टर’

मागील महिन्यांत पुण्यास एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. त्यांचे धाकटे बंधु गेलीं २५ वर्षें अमेरिकेंत न्यू जर्सी येथें स्थायिक झालेले आहेत. त्यांची मुलगी सुटींत आजीला भेटावयास आली होती. तिकडील पदवी-परीक्षा नुकतीच आटोपून तिला ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता, आणि त्याप्रीत्यर्थ घरांत पेढे वांटले जात होते. तोंच आंतल्या खोलींत खाटेवर बसलेल्या आजींनीं विचारलें, “अग, पाय चोळायचे तर त्यासाठीं डॉक्टर कशाला व्हायला हवें?” सर्वजण हंसले. मुलगी मात्र थोडी हिरमुसली. माझ्या स्नेह्यांनीं आपलीही एक शंका पुढें केली. “ही डॉक्टर म्हणजे औषध लिहून देणारी, कीं प्रबंध लिहिणारी?” मुलगी आपल्या परीनें उत्तर देऊं लागली, आणि मध्येंच थांबून माझ्याकडे पाहूं लागली, कारण माझें आयुष्य याच व्यवसायांत गेलें आहे. त्या गडबडींत उत्तर राहून गेलें. तें आज आपल्यासमोर देण्याचा माझा विचार आहे.

ज्याला अमेरिकेंत फिजिकल थेरपी म्हणतात त्यालाच आपल्याकडे फिजिओथेरपी असें म्हणण्याचा प्रघात आहे. शुद्ध मराठींत भौतिकोपचार. आजींचा प्रश्न ऐकून कोणी त्यांना अडाणी समजूं नये. या व्यवसायाचा उगम खरोखरीच अंग चोळण्यांत आहे. इंग्लंडांत सन १८९४ मध्यें चार परिचारिकांनीं मर्दनाचें काम करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. मर्दनाच्या नांवाखालीं त्या काळीं जे गैरप्रकार चालत, त्यांपासून आपल्या कामाची अब्रू राखावी हा त्यांचा हेतु होता. त्या देशांतील भौतिकोपचारतज्ज्ञांची आजची मोठी संस्था त्याच रोपट्याचा वृक्ष होय.

अमेरिकेंत या विद्येला खरी चालना मिळाली ती पहिल्या महायुद्धानें. सन १९१७ मध्यें तो देश युद्धांत पडला, आणि हातपाय निकामी झालेले तरुण शिपाई परत येऊं लागले. जखम भरून आली तरी आंखडलेला गुडघा सरळ होत नाहीं, आणि वर्षभर गादीवर पडलेला मनुष्य आपोआप चालूं लागत नाहीं. तेव्हां सैन्यानें या कामासाठीं स्त्रियांची नेमणूक केली. त्यांना ‘रीकन्स्ट्रक्शन एड’ म्हणत. आपण त्यांना पुनर्घटना-सहायिका म्हणूं. इंग्लंडांत शिक्षण घेतलेल्या मेरी मॅक्मिलन या बाईंनीं सन १९१८ मध्यें ऑरेगन संस्थानांतील पोर्टलंड येथें रीड कॉलेजांत अशा सहायिकांना तयार केलें, आणि सन १९२१ मध्यें या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था निघाली तेव्हां तिचें पहिलें अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलें. त्याच वर्षीं पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांना वयाच्या ३९ व्या वर्षीं पक्षाघाताचा तो विकार जडला, ज्याला आपण पोलिओ म्हणून ओळखतों. पोलिओच्या सांथींनीं या सहायिकांना एकेक स्नायु वेगळा तपासून त्याची शक्ति मोजावयास शिकविलें. आपल्या मुंबईचाही या इतिहासाशीं संबंध आहे. येथेंही पोलिओच्या प्रादुर्भावानंतरच, सन १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें भौतिकोपचाराचें शिक्षण सुरू झालें.

परंतु या साऱ्या काळांत एक गोष्ट ठरलेली होती. रोग ओळखावयाचा तो डॉक्टरांनीं. चिठ्ठी लिहावयाची ती डॉक्टरांनीं. आणि चिठ्ठींत लिहिलें असेल तें करावयाचें आम्हीं. “उजवा खांदा, शेक व व्यायाम, दहा दिवस.” त्यापलीकडे विचारण्याची आम्हांला आवश्यकता नव्हती, आणि अधिकारही नव्हता.

या व्यवस्थेंत काय उणें होतें हें मला एका प्रसंगानें कळलें. मी शिकून बाहेर पडल्याला तेव्हां वर्षही झालें नव्हतें. एका रुग्णालयांत खुब्याचें हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या एक वृद्ध बाई होत्या. चिठ्ठींत लिहिलें होतें, “पायास मर्दन व व्यायाम.” पहिले चार दिवस सर्व ठीक चाललें. पांचव्या दिवशीं मी त्यांच्या पोटरीला हात लावला तों त्या म्हणाल्या, “बाई, आज नको. आज हा पाय माझा वाटत नाहीं.” मला वाटलें, कंटाळल्या असतील. परंतु त्यांच्या स्वरांत असें कांहीं होतें कीं मी हात मागें घेतला आणि डॉक्टरांना बोलावून आणलें. पायांतील खोल शिरेंत रक्ताची गुठळी झाली होती. ती गुठळी चोळल्यानें सुटली असती, फुप्फुसांत जाऊन अडकली असती, तर त्या बाई कदाचित् त्याच दिवशीं गेल्या असत्या. त्या वांचल्या. पुढें चालतही घरीं गेल्या. मला सर्वांनीं शाबासकी दिली. परंतु श्रोतेहो, तें श्रेय माझें नव्हतें. मी थांबलें ती त्यांच्या शब्दामुळें, माझ्या ज्ञानामुळें नव्हे. त्या बाई मुकाट्यानें पडून राहणाऱ्या असत्या, तर मी चिठ्ठींत लिहिल्याप्रमाणें तो पाय अगदीं मनापासून चोळला असता.

आज याच प्रसंगीं विद्यार्थ्यानें काय करावें हें त्याला पहिल्या वर्षांपासून शिकवितात. शस्त्रक्रिया अलीकडेच झाली आहे काय? रुग्ण अंथरुणास खिळून आहे काय? शिरेच्या रेषेवर दाबल्यास दुखतें काय? दोन्ही पोटऱ्यांचा घेर फितीनें मोजावा. दुखऱ्या पायाचा घेर ३ सेंटिमीटरहून अधिक भरल्यास ती एक धोक्याची खूण समजावी. अशा खुणांची बेरीज करून संशय किती बळकट आहे तें ठरवावें, आणि संशय असल्यास हात न लावतां रुग्णास तत्काळ डॉक्टरांकडे पाठवावें. यासाठीं कोणत्याही अद्भुत यंत्राची गरज नाहीं. एक फीत आणि शिकलेलें डोकें, एवढें पुरतें. माझ्याजवळ फीत होती.

आतां अमेरिकेंतील पदवीकडे वळूं. तेथें या शिक्षणाची पायरी हळूहळू चढत गेली. प्रथम कांहीं महिन्यांचें प्रमाणपत्र, मग पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण. सन १९९३ मध्यें नेब्रास्का संस्थानांतील ओमाहा येथें क्रायटन विद्यापीठानें या व्यवसायांत प्रवेश करणारांसाठीं पहिला डॉक्टरकीचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि सन १९९६ मध्यें त्याचे पहिले विद्यार्थी बाहेर पडले. सन २००० मध्यें तेथील राष्ट्रीय संस्थेनें असें ध्येय ठरविलें कीं, सन २०२० पर्यंत हा व्यवसाय डॉक्टरकीच्या पायावर उभा राहावा. सन २०१६ उजाडेपर्यंत मान्यताप्राप्त अशा सर्व अभ्यासक्रमांस ही पदवी देणें बंधनकारक झालें. आज त्या देशांत नव्यानें या व्यवसायांत येणाऱ्या विद्यार्थ्यास दुसरा दरवाजाच उरलेला नाहीं.

हें केवळ मानासाठीं झालें काय? थोडा मानाचा भाग असेलच. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. परंतु त्याच्या मुळाशीं एक खरें कारण आहे. पूर्वीं रुग्ण चिठ्ठी घेऊन येत असे; आतां तो थेट येतो. सन १९५७ मध्यें नेब्रास्कानें प्रथम ही मोकळीक दिली, आणि सन २०१५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही संस्थानांत, कोठें पूर्णपणें तर कोठें कांहीं अटींवर, रुग्णास डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची मुभा मिळाली. यांत रुग्णाची सोय आहे खरी. पण जोखीमही आहे, आणि ती जोखीम आतां उपचार करणाऱ्याच्या शिरावर आहे.

पाठदुखीचेंच उदाहरण घ्या. पाठ दुखते म्हणून येणाऱ्यांपैकीं बहुतेकांना हालचाल, व्यायाम आणि थोडा धीर यांनींच बरें वाटतें. परंतु एकादा असाही येतो कीं ज्याची वेदना विश्रांतीनेंही कमी होत नाहीं, रात्रीं वाढते, आणि ज्याचें वजन कारणावांचून घटत चाललें आहे. त्याला व्यायाम नव्हे, कर्करोगाची तपासणी हवी. दुसरा म्हणतो कीं, मांड्यांच्या मधल्या भागास बधिरपणा आला आहे आणि लघवीवर ताबा राहत नाहीं. त्याच्या कण्याच्या तळाशीं असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब पडत असावा. अशा वेळीं शस्त्रक्रियेस विलंब झाला तर तो जन्मभर अपंग होऊं शकतो. तिघांचीही तक्रार एकच, “पाठ दुखते.” त्या तिघांना वेगळें ओळखणें ही या पदवीची खरी कसोटी होय.

आतां हें शिक्षण मिळतें कसें तें थोडक्यांत सांगतें. प्रथम चार वर्षांची कोणतीही पदवी. मात्र तींत शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र, मानसशास्त्र हे विषय झालेले असावे लागतात. बहुतेक विद्यालयें असेंही विचारतात कीं, तुम्हीं या व्यवसायांतील माणसांचें काम प्रत्यक्ष बसून किती तास पाहिलें आहे? ही अट मला फार शहाणपणाची वाटते. रुग्णाच्या घामाचा आणि चिडण्याचा अनुभव नसतांना केवळ गुणांच्या बळावर कोणी या कामांत पडूं नये.

त्यानंतर साधारणतः तीन वर्षांचा अभ्यास. आरंभींच बहुतेक ठिकाणीं शवविच्छेदन असतें. पुस्तकांत तांबड्या रेषांनीं काढलेला स्नायु प्रत्यक्षांत किती पातळ असतो आणि त्याच्या शेजारून जाणारा मज्जातंतु किती नाजूक असतो हें एकदां पाहिलें म्हणजे पुढें जिवंत माणसाच्या अंगावर हात ठेवतांना तो हात आपोआप जपून पडतो. मग सांध्यांची गति, चालण्याचें शास्त्र, हृदय व फुप्फुसें, मेंदूचे विकार, बालकें, वृद्ध, भाजलेले रुग्ण, कृत्रिम पाय. औषधें लिहून देण्याचा अधिकार या पदवीनें मिळत नाहीं. पण रुग्ण जीं औषधें घेतो त्यांचे परिणाम मात्र शिकावे लागतात. रक्तदाबाची गोळी घेणारा म्हातारा मनुष्य एकदम उभा केल्यास भोंवळ येऊन पडूं शकतो, हें त्याला उभें करणाऱ्याला ठाऊक नसेल तर कोणाला असावें?

मोजमापावर या शिक्षणांत मोठा भर असतो. “रुग्ण बरा चालतो” असें लिहून भागत नाहीं. एक साधी परीक्षा सांगतें. ती आपणांस घरींही समजण्याजोगी आहे. रुग्णाला खुर्चींत बसवावें. त्यानें उठावें, ३ मीटर चालावें, वळावें, परत येऊन बसावें. यास किती सेकंद लागतात तें घड्याळावर पाहावें. वृद्ध मनुष्यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर त्याला पडण्याचा धोका आहे असें समजून पुढील तपासणी करावी. आज १८ सेकंद, महिन्यानें १३ सेकंद. हा आंकडा रुग्णालाही कळतो, घरच्यांनाही कळतो, आणि उपचार करणाऱ्याला स्वतःची फसवणूक करूं देत नाहीं.

या तीन वर्षांतच किमान ३० आठवडे पूर्ण वेळ प्रत्यक्ष रुग्णांमध्यें काढावे लागतात. अतिदक्षता विभागांत नळ्यांनीं वेढलेल्या माणसाला खाटेच्या कडेवर बसविणें असो, कीं अर्धांगवायूनें लुळा झालेला हात शेंकडों वेळां त्याच पेल्याकडे नेवविणें असो, तें सर्व अनुभवी गुरूच्या देखरेखीखालीं करावयाचें. मेंदूचा एक भाग मेला तरी उरलेला भाग पुनःपुन्हां केलेल्या सरावानें कांहीं काम नव्यानें शिकूं शकतो, हें शास्त्र पुस्तकांतून कळतें; पण बाविसाव्या दिवशीं कंटाळलेल्या रुग्णाला तेविसाव्या दिवशीं तयार कसें करावें, हें मात्र गुरूजवळच शिकावें लागतें. शेवटीं परवान्यासाठीं राष्ट्रीय परीक्षा. तिचें मोजमाप २०० ते ८०० असें असून ६०० गुण मिळाल्यावांचून उत्तीर्ण होतां येत नाहीं; आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्या त्या संस्थानाचा परवाना मिळाल्यावांचून रुग्णास हात लावतां येत नाहीं.

माझ्या स्नेह्यांच्या शंकेचें उत्तर आतां सोपें आहे. ही डॉक्टर औषध लिहून देणारी नव्हे, आणि मोठा प्रबंध लिहिणारीही नव्हे. संशोधनाची पीएच्. डी. या विषयांतही आहे, पण ती वेगळी. ही पदवी व्यवसायाची आहे. आपल्या नांवामागें ‘डॉक्टर’ लावणाऱ्यानें आपण भौतिकोपचारतज्ज्ञ आहों हें रुग्णास प्रथमच स्पष्ट सांगितलें पाहिजे. आपल्या देशांतही सन २०२५ मध्यें या उपाधीवरून बराच वाद झाला. माझें मत विचाराल तर, ज्या उपाधीनें रुग्णाचा गैरसमज होईल ती नुसती अलंकारासाठीं मिरवूं नये.

आतां दुसरी बाजू. ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. हें शिक्षण महाग आहे. शिकून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर १ लक्ष डॉलरांहून अधिक कर्ज असणें ही तेथें नवलाची गोष्ट नाहीं. सन २०२४ च्या तेथील सरकारी आंकड्यांप्रमाणें या व्यवसायांतील मध्यम वार्षिक वेतन सुमारें १ लक्ष १ हजार डॉलर होतें. वेतन वाईट नाहीं. पण वैद्यकीय डॉक्टरांच्या मिळकतीच्या तें जवळपासही येत नाहीं, आणि कर्जाचे हप्ते पुष्कळ वर्षें पुरतात. शिवाय जुन्या पदवीवर परवाना मिळविलेले अनुभवी लोक तेच काम करतात, त्यांचा परवानाही तोच असतो, आणि विमा कंपन्या पैसे देतात ते केलेल्या उपचाराचे, नांवामागच्या अक्षरांचे नव्हेत. म्हणून तेथील कांहीं विचारी माणसें विचारतात कीं, ज्ञान वाढविणें योग्य, पण त्याचा सारा भार विद्यार्थ्याच्याच खांद्यावर कां? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर अद्याप कोणीं दिलेलें नाहीं. जें शिक्षण मला त्या काळीं मिळावयास हवें होतें असें मी म्हणतें, त्याची किंमत एकाद्या गरीब घरच्या हुशार मुलीला परवडत नसेल, तर तिच्या हातून जे रुग्ण बरे व्हावयाचे त्यांचेंही तें नुकसानच होय.

आपल्याकडून तिकडे जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं एक सूचना करतें. आपल्याकडील फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्यांसाठीं अमेरिकेंत याच नांवाचा एक छोटा, पूरक अभ्यासक्रमही असतो. त्याच्या शेवटीं ‘डॉक्टर’ हीच पदवी मिळते; पण तेवढ्यानें तेथें काम करण्याचा परवाना मिळत नाहीं. त्यासाठीं आपल्या मूळ शिक्षणाची तेथील शिक्षणाशीं तुलना करून घ्यावी लागते आणि तीच राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. पैसे भरण्यापूर्वीं हा भेद समजून घ्यावा. विद्यालय निवडतांना इमारतीचीं छायाचित्रें पाहूं नयेत. त्या विद्यालयाला मान्यता आहे काय, त्याचे किती विद्यार्थी परवाना-परीक्षेंत उत्तीर्ण होतात, आणि एकंदर खर्च किती, हे तीन प्रश्न विचारावेत.

असो. माझा वेळ संपत आला. त्या दिवशीं निघतांना मी आजींच्या खाटेपाशीं गेलें. नात त्यांच्या पायांशीं बसली होती. मी म्हणालें, “आजी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पाय चोळायला डॉक्टर व्हावें लागत नाहीं. पण तो चोळावा कीं नाहीं, हें ठरवायला पुष्कळ शिकावें लागतें.” आजींनीं क्षणभर विचार केला आणि नातीकडे पाहून म्हणाल्या, “मग लवकर शिकून ये. तोंवर मी हे पाय कोणाला चोळूं देत नाहीं.”